शिष्यवृत्ती कुणाला द्यायची?

बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावी सेतू केंद्रासमोर रांगा लागतात. मुलाच्या किंवा मुलीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, तलाठ्याचा अहवाल, वडिलांचं पगारपत्रक किंवा सातबारा. सोबत आई किंवा वडील, एका दिवसाचा रोज बुडवून आलेले. या सगळ्यांना हवा असतो तो एक कागद. त्याचं नाव उत्पन्नाचा दाखला. त्या कागदावरचा आकडा एका विशिष्ट रेषेच्या आत असला तर मुलाची फी सरकार भरणार, नसला तर घरानं भरायची.

ही रेषा कुणी आखली? शिकायला पैसे नाहीत अशा मुलाला मदत करावी, यावर आपल्याकडे कधी फारसं दुमत नव्हतं. वाद होता तो मदत कुणाला, किती आणि कशावरून ठरवायची याचा. महाराष्ट्रात हा वाद दोनशे वर्षं चालला आहे. त्यातले काही टप्पे आज आपण पाहू.

सुरुवात करायची ती पुण्यापासून. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली आणि पुढे ती पेशव्यांनी चालवली. देशभरातून शास्त्री-पंडित पुण्याला येत. त्यांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात जमलेल्या सामान्य भिक्षुकांनाही काही ना काही मिळे. म्हणजे मोजपट्टी दुहेरी होती. आधी जन्म पाहायचा, मग विद्या. गरज कुणी विचारत नव्हतं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या सरकारनं दक्षिणा एकदम बंद केली नाही. एल्फिन्स्टनसाहेब धोरणी होते. त्यांच्या पुढाकारानं दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. याच पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज आणि त्यानंतर डेक्कन कॉलेज झालं. पंडिताला द्यायचा पैसा विद्यार्थ्याकडे वळला, ही मोठी गोष्ट. पण हे विद्यार्थी ब्राह्मणच असत. पैसा नव्या वाटेनं निघाला, मोजपट्टी मात्र जुनीच राहिली.

तिला पहिला धक्का बसला १८४९ मध्ये. लोकहितवादी आणि त्यांच्यासारख्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेतला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, मग तो लेखक कोणत्याही जातीचा असो. पुण्यात गहजब झाला. अर्ज करणाऱ्यांना धमक्या आल्या, तेव्हा जोतिराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे याच निधीतून कॉलेजात ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते.

आता नवी मोजपट्टी आली. ती म्हणजे गुणवत्ता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं. परीक्षा, गुण आणि क्रमांक यांचं युग सुरू झालं. नाना शंकरशेट १८६५ मध्ये वारले. त्यांच्या नावानं मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली गेली, आणि ‘शंकरशेट स्कॉलर’ हा शब्द मराठी घरांत पदवीसारखा वापरला जाऊ लागला. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये ही शिष्यवृत्ती मिळवणारे. वशिला नाही, जात नाही, उत्तरपत्रिका तेवढी बोलणार. याहून न्याय्य काय असू शकतं?

नेमका हाच प्रश्न जोतिरावांनी उलटा करून विचारला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, त्यातला शिष्यवृत्त्यांविषयीचा भाग छोटा आहे, आणि शेतसाऱ्यावरच्या टीकेपुढे तो बऱ्याचदा वाचायचा राहून जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सरकारी शिष्यवृत्त्या स्पर्धेनं देणं तत्त्व म्हणून बरोबर दिसतं, परंतु ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच त्यानं उत्तेजन मिळतं. ज्यांच्यात शिक्षण पोचलेलंच नाही, अशा वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात.

हे निवेदन मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्यातलं व्यवहारज्ञान जाणवतं. परीक्षा खोटी असते असं जोतिराव म्हणत नाहीत. ती खरीच असते. पण ती शर्यतीचा शेवट पाहते, सुरुवात पाहत नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या पाटी-पुस्तक आहे आणि ज्याच्या घरात पहिल्यांदाच पाटी आली आहे, त्या दोघांना तिच्या लेखी गुण तेवढे असतात, घर नसतं.

जोतिरावांच्या या म्हणण्याचा विस्तार केला तो कोल्हापुरात शाहू महाराजांनी. त्यांना दिसलं की खेड्यातला मुलगा फीपेक्षाही आधी अडतो तो राहण्या-जेवणाशी. शहरात त्याला खोली मिळत नाही, जेवायला खाणावळ मिळत नाही. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा अनेक समाजांची वसतिगृहं उभी राहिली. पुढे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी आणखी एक वाट काढली. १९४७ मध्ये त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तिथे दाखल्याऐवजी मुलाची काम करण्याची तयारी पाहिली जाई.

आणि एक मोजपट्टी होती ती दात्याच्या नजरेची. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे नेलं. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं त्यांना पसंत पडली आणि दरमहा २५ रुपये मंजूर झाले. पुढे १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. बदल्यात दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला. या शिष्यवृत्तीनं काय घडवलं, ते सांगायला नको.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहू. केळुसकर गुरुजी भेटले नसते तर? आणि १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्याला रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत अपमान वाट्याला आले आणि थोड्याच काळात त्यांना परतावं लागलं. फी, प्रवास, पुस्तकं यांचा हिशेब महाराजांनी उदारपणे केला होता. जातीची किंमत मात्र कोणत्याही हिशेबाच्या वहीत नव्हती.

हा अनुभव घेतलेला माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी केली, आणि १९४४ मध्ये केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एका राजाच्या मर्जीनं एका विद्यार्थ्याला मिळालेली मदत आता नियमानं मिळू लागली. आज ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणून कॉलेजात ओळखली जाते, ती हीच.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला तो सर्वच जातींतल्या गरिबांचा. १९५९ मध्ये, यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना जात न पाहता फी माफ करण्याचा निर्णय झाला. सुरुवातीला वार्षिक ९०० रुपये असलेली मर्यादा पुढे १२०० रुपये झाली. तीच ती ‘ईबीसी’ सवलत. शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, कारागिरांची किती मुलं या तीन अक्षरांमुळे पदवीधर झाली, हे आजच्या पन्नाशी-साठीच्या मंडळींना विचारा. आणि इथेच उत्पन्नाचा दाखला आपल्या आयुष्यात आला.

मी काही वर्षं एका कॉलेजात असे अर्ज तपासायच्या समितीवर होतो. एका वर्षी दोन अर्ज योगायोगानं एकाखाली एक आले. पहिला एका कारकुनाच्या मुलीचा. वडिलांचं पगारपत्रक जोडलेलं, महागाईभत्ता धरून उत्पन्न मर्यादेच्या अगदी थोडं वर. घरात पाच खाणारी तोंडं, आजीचं आजारपण. दुसरा अर्ज एका बऱ्यापैकी बागायतदाराच्या मुलाचा. दाखल्यावरचा आकडा मर्यादेच्या कितीतरी आत. दोन्ही कागद कायदेशीर होते. आम्ही नियमाप्रमाणे पहिला अर्ज नाकारला, दुसरा मंजूर केला. ती मुलगी पुढच्या सत्रात दिसली नाही. तिचा अर्ज नाकारणाऱ्यांत माझीही सही होती, म्हणून ती अजून आठवते.

दोष दाखला देणाऱ्याचा म्हणावा, तर तसंही नाही. पगार मोजता येतो. शेतीचं उत्पन्न पाऊस, भाव आणि कर्ज यांवर ठरतं, त्याचा अंदाजच करावा लागतो. शिवाय रेषा ही रेषा असते. तिच्या एक रुपया आत असलेल्याला सगळं मिळतं आणि एक रुपया बाहेर असलेल्याला काहीच नाही.

यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला, म्हणून थोडं तिकडे पाहू. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमधल्या जॉन मन्रो यांनी एक हिशेब मांडला. घराचं उत्पन्न, मालमत्ता, माणसं किती, शिकणारी मुलं किती, हे पाहून त्या घराला वर्षाला किती पैसे देता येतील ते काढायचं. कॉलेजच्या एकूण खर्चातून ते वजा करायचे. उरेल ती गरज. १९५४ पासून अनेक कॉलेजांनी मिळून हाच मार्ग धरला, आणि पुढे सरकारी मदतीसाठीही अशीच सूत्रं आली. यात एकच रेषा नाही, उतार आहे. उत्पन्न थोडं वाढलं तर मदत थोडी कमी होते. पण या सूत्रासाठी भरायचा अर्ज इतका लांबलचक झाला की, ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज तीच घरं तो पाहून माघार घेऊ लागली. अखेर तिथल्या संसदेला कायदा करून प्रश्न कमी करावे लागले. २०२४-२५ च्या वर्षासाठी तो सुटसुटीत अर्ज आला, तोही उशिरा आणि गोंधळातच. म्हणजे बारकाईनं मोजायला गेलं की कागद वाढतात, आणि कागद कमी केले की अन्याय ढोबळ होतो.

आपल्याकडेही मोजपट्टी बदलत राहिली आहे. १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं आली आणि फीचे आकडेच बदलले. जुन्या ईबीसीच्या जागी आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा ८ लाख रुपये. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीची मर्यादा मात्र अडीच लाख आहे. त्यावरच्यांना राज्याची फ्रीशिप असते, पण तीत निर्वाहभत्ता नसतो. २०२४ पासून ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण-फी माफ झाली. अर्ज संगणकावर, महाडीबीटीवर भरायचा. रांग थोडी घटली, दाखला मात्र तसाच आहे.

जन्म, विद्या, स्पर्धेतला क्रमांक, दात्याची नजर, श्रम, जात, उत्पन्न. दोनशे वर्षांत आपण सगळं मोजून पाहिलं. या प्रत्येक मोजपट्टीनं कुणाला तरी आत घेतलं, आणि कुणाला तरी बाहेर ठेवलं. नवी योजना जाहीर झाली की आपण विचारतो, रक्कम किती? जोतिरावांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न वेगळा होता. ही रक्कम कुणापर्यंत पोचणारच नाही, ते आधी पाहा, असं ते सांगत होते.

येत्या जूनमध्ये सेतू केंद्रावरून जाल, तेव्हा त्या रांगेकडे जरूर पाहा. जमलं तर एखाद्याचा फॉर्म भरून द्या. कुठला कागद कुठे लागतो हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ मुलं अजूनही त्या रांगेतूनच परत जातात.