मल्टिफायबर करार, हातमागाची सूट आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा कोसा

प्रस्तावना
आंतरराष्ट्रीय वस्त्रव्यापारावरील निर्बंधांचा इतिहास सामान्यतः गिरण्या आणि तयार कपड्यांचे निर्यातदार यांच्या अंगाने मांडला जातो. त्याच निर्बंधांतून हातमागाला आणि शुद्ध रेशमाला मिळालेली सूट मात्र अभ्यासकांच्या नजरेआड राहते. ही सूट ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकविणाऱ्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या कितपत उपयोगाची होती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

निर्बंधांची वाटचाल
विकसित राष्ट्रांनी आपल्या गिरण्यांच्या रक्षणार्थ १९६१ मध्ये सुती कापडासाठी अल्पकालीन व १९६२ मध्ये दीर्घकालीन व्यवस्था गॅटच्या छत्राखाली घडवून आणली. १ जानेवारी १९७४ पासून मल्टिफायबर करार लागू झाला व सुताबरोबरच लोकर आणि कृत्रिम धागाही कोट्याच्या कक्षेत आला. कोट्यात दरवर्षी साधारणतः ६ टक्के वाढ देण्याचे तत्त्व त्यात होते. परंतु १९७७ च्या नूतनीकरणात 'वाजवी विचलना'ची मुभा घेऊन युरोपीय समुदायाने त्याला बगल दिली. १९८६ मध्ये रेशीममिश्रित कापडही या जाळ्यात ओढले गेले.

विकसनशील राष्ट्रांचा समन्वय
प्रत्येक निर्यातदार देशाला आयातदाराशी स्वतंत्र द्विपक्षीय करार करावा लागत असल्याने एकाकी देशाची सौदाशक्ती तोकडी पडे. या अनुभवातून निर्यातदार विकसनशील राष्ट्रांनी परस्परसल्लामसलत वाढविली आणि १९८४ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय वस्त्र व पोशाख ब्यूरो स्थापन केला. भारत त्याचा सदस्य होता. उरुग्वे फेरीत कोटापद्धती मोडीत काढण्याची मागणी या राष्ट्रांनी लावून धरली. त्यातून झालेल्या करारानुसार १९९५, १९९८ व २००२ या वर्षी अनुक्रमे १६, १७ व १८ टक्के आणि १ जानेवारी २००५ रोजी उर्वरित व्यापार गॅटच्या सर्वसाधारण नियमांखाली आला.

सूट आणि तिच्या मर्यादा
मल्टिफायबर कराराच्या १२ व्या कलमाने विकसनशील देशांतील कुटिरोद्योगाचे हातमाग कापड, त्यापासून हातांनी बनविलेल्या वस्तू व पारंपरिक लोककलेची वस्त्रे निर्बंधमुक्त ठेवली. १९९५ च्या करारात शुद्ध रेशमाची उत्पादनेही संरक्षक निर्बंधांतून वगळण्यात आली. कागदावर पाहता कोशाच्या वस्त्राला दोन्ही दारे खुली होती.

प्रत्यक्षात मात्र या सूटीला प्रमाणपत्राची अट होती. भारतात हातमागाच्या प्रमाणपत्राचे काम वस्त्रोद्योग समितीकडे असून तिचे मुख्यालय मुंबईत आहे. म्हणजे सूट विणकराच्या हाती न पडता निर्यातदाराच्या कागदपत्रांतून वाट काढीत येणार होती. हातमागाच्या कापडाचे यंत्रावर शिवलेले कपडे 'हातांनी बनविलेल्या' वस्तूंच्या व्याख्येत बसविणे कठीण होते. शिवाय विदर्भाच्या कोशाची खरी ओळख करवतकाठी साडीची. आणि साडीची बाजारपेठ मुख्यतः देशांतर्गतच.

दुसरी अडचण कच्च्या मालाची होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत आरमोरी हे कोशाचे परिचित केंद्र, तर चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडला विणकामाची परंपरा. ढीवर समाजातील कुटुंबे उघड्या झाडांवर अळ्या वाढवितात; पाऊस, मुंग्या व पक्षी यांपासून त्या राखाव्या लागतात. झाडे वनखात्याच्या ताब्यातील, त्यामुळे उत्पादन जंगलातील प्रवेशावर अवलंबून. कोट्यातून सूट मिळाली म्हणून कोशांची संख्या वाढत नाही.

निष्कर्ष
जिनिव्हातील मुत्सद्देगिरीने कुटिरोद्योगाची बाजू करारात टिकविली, हे यश कमी लेखता येत नाही. तथापि बंदी नसणे म्हणजे बाजारपेठ मिळणे नव्हे. २००५ मध्ये कोटाच संपल्यावर त्यातून मिळणाऱ्या सूटीचे मोलही संपले. वनहक्क, बीजपुरवठा व विपणन हे प्रश्न मात्र स्थानिक पातळीवर उरले. वस्त्रव्यापाराच्या इतिहासात कराराच्या मसुद्याइतकेच झाडाखाली राखण करणाऱ्या कुटुंबाकडेही पाहिले पाहिजे. अन्यथा सूट कोणासाठी होती, हा प्रश्न अनुत्तरित राहील.