न मोडलेली रांग

इनामगाव म्हटले की लोकांना घोड नदीकाठचे उत्खनन आठवते. आज आम्ही बोलणार आहोत ते याच मुलखाशी नाते असलेल्या, पण अगदी अलीकडच्या इतिहासाविषयी. दौंडला दवाखाना चालविणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. जब्बार पटेल यांनी पुण्यात बसविलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाची ही हकीकत आहे.

डॉ. पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून आलेले. महाराष्ट्रीय कलोपासकने 1963 साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि कॉलेजच्या पोरांना नाटकाची तालीम मिळाली. त्याच वातावरणात ही पिढी वाढली. नाटक आले तेव्हा दिग्दर्शक 30 वर्षांचे, नानांची भूमिका करणारे आगाशे 25 वर्षांचे आणि साहाय्य करणारे सतीश आळेकर अवघे 23 वर्षांचे होते. लेखन विजय तेंडुलकरांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची. 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही त्यांची संस्था होती.

19 प्रयोग झाले आणि संस्थेनेच नाटक थांबविले. 1791 साली मारल्या गेलेल्या कोतवालाची ही गोष्ट नाना फडणवीसांची व ब्राह्मणांची बदनामी करते, असा आक्षेप होता. प्रयोगात नट आजारी पडतो, पडदा अडकतो, हे सारे निभावता येते. परंतु ज्या छपराखाली तालीम केली तेच काढून घेतले तर काय करावयाचे?

येथे आम्हांस जुनी गोष्ट आठवते. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. आपण त्यांच्या निष्ठेला हात जोडतो, ते योग्यच. पण कामगार-चळवळीतल्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो: शेकडो प्रेक्षक आणि सारी मंडळी एकाच गळ्यावर उभी असेल, तर त्या गळ्याला शोक करावयास एक रात्रही कोण देणार? सारे घर एका खांबावर असले की खांबाला दुःखाची मुभा राहत नाही.

‘घाशीराम’ची बांधणीच निराळी होती. नानांची व घाशीरामाची भूमिका मोठी खरी, पण नाटक उभे होते ते रांगेने. दहा-बारा ब्राह्मणांची ती रांग गाई, नाचे, पाठ फिरवून भिंत होई आणि क्षणात पुन्हा माणसांचा जमाव होई. कीर्तन, लावणी, दशावतारी खेळ यांचे सूर त्याच रांगेतून निघत. एकट्याने ती रांग होत नाही. शेजाऱ्याचा ताल सांभाळल्याविना पाऊल टाकता येत नाही. अशा तालमीत घडलेल्या मुलांना फुटून जाणे अवघडच होते.

म्हणून त्यांनी रडगाणे गायिले नाही. जुन्या संस्थेचे नाव व पाठबळ सुटले, तेव्हा 27 मार्च 1973 या जागतिक रंगभूमीदिनी त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. साडेनऊ महिन्यांनी, 11 जानेवारी 1974 रोजी नाटक पुन्हा उभे राहिले. 1980 साली युरोपच्या दौऱ्याच्या वेळी पुन्हा विरोध उसळला, प्रकरण न्यायालयात गेले. नाना हे थोर मुत्सद्दी होते व हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, असे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याचे ठरले आणि मंडळी परदेशी गेली.

आक्षेप घेणाऱ्यांना बोलण्याचा हक्क होता, हे आम्ही मानतो. वाद नाटकाशी घालावा, नाटक बंद पाडून नव्हे, एवढेच आमचे म्हणणे. आणि नाटक वाचले ते कोणा एका धाडसी माणसामुळे नव्हे. मालकी गेली तरी काम ज्यांच्या अंगी होते, ते एकत्र राहिले म्हणून.

शिरूर-दौंडकडच्या कॉलेजांतली मुले गॅदरिंगची तयारी करतात, त्यांना आमचे एवढेच सांगणे: प्रत्येक भूमिका आणखी एकाला पाठ असू द्या, पेटी-तबल्यावर दुसरा हात तयार ठेवा आणि हिशेबाची वही सर्वांसमोर उघडी ठेवा. मग अडचण आली तरी कोणा एकाच्या डोक्यावर ती पडणार नाही.