चिन्हावरचे ओझे

'ओव्हरलोड' म्हटले की डोळ्यांपुढे उसाने खचाखच भरलेली ट्रॉली येते. संगणकाच्या भाषांत मात्र 'ऑपरेटर ओव्हरलोडिंग' हा दोष नाही, सोय आहे. इथे वाढते ते अर्थाचे ओझे. 'ऑपरेटर'च्या मुळाशी लॅटिन 'ओपुस' आहे, म्हणजे काम. अधिक-वजा ही चिन्हे म्हणजे कामकरीच.

पायथॉनमध्ये 2 + 3 चे 5 होतात, पण 'पु' + 'णे' चे 'पुणे' होते. 'रक्कम' नावाचा क्लास लिहून त्यात बेरजेची रीत एकदा सांगून ठेवली, की 12 रुपये 75 पैसे अधिक 7 रुपये 50 पैसे यांचे बरोबर 20 रुपये 25 पैसे येतात. हातचा क्लासच सांभाळतो.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. आपण दिवा लावतो, दार लावतो, झाड लावतो, कुकरही लावतो. क्रियापद एकच, अर्थ शेजारचे नाम ठरवते.

सी प्लस प्लसमध्ये तर बिट डावीकडे सरकवणारे चिन्हच पडद्यावर मजकूर छापते. ही जरा ओढाताणच झाली. 1995 मध्ये आलेल्या जावाने चिन्हांना नवे अर्थ देण्याचा अधिकार प्रोग्रामरला दिलाच नाही. मजकूर जोडणारे '+' तेवढे भाषेने स्वतःकडे ठेवले.