शेरामागे एक आणा

बुधवार, 26 मार्च 1902. तुम्ही कलकत्त्यात एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर उभे आहात. डोक्यावर नव्या कोऱ्या तारा ताणलेल्या आहेत. उद्यापासून इथून खिदिरपूरपर्यंत विजेची ट्राम धावणार आहे आणि येणारा-जाणारा मान वर करून त्या तारांकडे बघतो आहे. तुम्हाला मात्र शेजारच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये जायचं आहे. आज तिथे हिंदुस्थानच्या अर्थसंकल्पावर चर्चा आहे.

फाटकावर सिंहांचे पुतळे आहेत. आत गेलात की वाड्याची भव्यता अंगावर येते. लॉर्ड वेलस्लीनं हा वाडा बांधला आणि 1803 साली तो पूर्ण झाला. त्यावर झालेल्या खर्चामुळे लंडनमधले कंपनीचे संचालक संतापले होते. आराखडा इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलच्या धर्तीवरचा आहे. आजचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचा जन्म त्याच केडलस्टन हॉलमध्ये झाला. ते आज अध्यक्षस्थानी असतील.

इथे पोहोचण्याआधी तुम्ही नगरकडच्या एका आठवडी बाजारात थांबला होता, ते आठवा. छप्पन्नच्या (विक्रम संवत 1956 च्या) दुष्काळातून माणसं नुकती सावरत होती. एका बाईनं शेरभर मीठ घेतलं, पदराच्या गाठीतले पैसे मोजून दिले आणि तिथेच हिशेब करत उभी राहिली. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये आहे. अडीच रुपयांचे चाळीस आणे होतात आणि मणाचे शेरही चाळीसच. म्हणजे तिनं शेराला एक आणा सरकारला दिला. मिठागरातला माल, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे सगळं त्याखेरीज. हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न तीस रुपये आहे, असं कर्झन यांनीच आदल्या वर्षी सांगितलं होतं. दिवसाला सव्वा आण्याहून जरा जास्त. सरासरी माणसाच्या एका दिवसाच्या कमाईतला सुमारे पाऊण हिस्सा एका शेर मिठामागे कराच्या रूपानं जातो.

आता कौन्सिलच्या दालनात मागे कुठेतरी बसा. इथले नियम समजून घ्या, नाहीतर पुढे काय घडतं त्याचं मोल कळणार नाही. 1892 च्या कायद्यानं सभासदांना अर्थसंकल्पावर बोलायची मुभा दिली, मतदानाची दिली नाही. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं आहे, पण इथे बहुमताचीसुद्धा गरज पडत नाही, कारण ठरावच मांडता येत नाही. भाषणं होतात, अर्थसदस्य उत्तर देतात, व्हाइसरॉय समारोप करतात आणि आकडे होते तसेच राहतात.

सात कोटींची शिल्लक पडली म्हणून अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांचं अभिनंदन चालू आहे. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनंतर तिजोरीत सात कोटी उरले, याचा दालनात आनंद आहे. मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातला एक प्राध्यापक उभा राहतो. वय पस्तीस, डोक्यावर पुणेरी पगडी. गोपाळ कृष्ण गोखले. फिरोजशहा मेहतांनी प्रकृतीमुळे सोडलेल्या जागेवर ते नुकते निवडून आलेत आणि या सभागृहातलं अर्थसंकल्पावरचं हे त्यांचं पहिलंच भाषण आहे.

या अभिनंदनात मला सामील होता येत नाही, असं ते सुरुवातीलाच सांगतात. लोक हलाखीत आणि तिजोरी तुडुंब, हा मेळ बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. आवाज चढत नाही. शब्द मोजके आहेत. मागच्या बाकावर बसूनही तुम्हाला जाणवतं की दालन शांत झालं आहे, कारण हा माणूस सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवतो आहे.

तो हिशेब नीट ऐका, कारण सगळं बळ त्यातच आहे. इंग्लंडला दरवर्षी पौंडांत रक्कम पाठवावी लागते: पेन्शनी, व्याज, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च. 1894-95 मध्ये रुपया सुमारे तेरा पेन्सांपर्यंत घसरला होता. तेव्हा एका पौंडासाठी अठरा रुपयांहून जास्त मोजावे लागत. ही खोट भरून काढायची म्हणून आधीच्या वर्षांपासून कर वाढवले गेले होते. 1886 मध्ये प्राप्तिकर आला, 1888 मध्ये मिठाचा कर मणामागे आठ आण्यांनी वाढला, नंतर आयातकर आणि गिरणीच्या कापडावरचं उत्पादनशुल्क आलं. दरम्यान सरकारनं 1893 मध्ये चांदीच्या रुपयांसाठी टांकसाळी बंद केल्या, रुपया टंचाईनं चढत गेला आणि सोळा पेन्सांवर स्थिरावला. आता पौंड पंधरा रुपयांत मिळतो. पौंडामागे तीन रुपये वाचू लागले. ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारण गेलं, कर मात्र जागेवरच राहिले.

सात कोटी कुठून आले ते आता तुम्हाला दिसतं. देश श्रीमंत झाल्याची ती खूण नव्हती. गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला पैसा होता तो, आणि नगरच्या बाजारातला आणाही त्यात होता.

मग गोखले खर्चाकडे वळतात. रशियाच्या धास्तीनं 1885 मध्ये सैन्यात तीस हजार माणसं वाढवली. पण अलीकडेच दक्षिण आफ्रिका आणि चीनमधल्या लढायांसाठी इथूनच पलटणी पाठवता आल्या. इतकं सैन्य बाहेर पाठवूनही देशाचं काही अडलं नाही, तर तेवढ्या सैन्याचा खर्च इथल्या रयतेनं का सोसावा? या प्रश्नाला त्या दिवशी समाधानकारक उत्तर मिळत नाही. माझ्या मते भाषणातला सर्वांत धारदार भाग हाच आहे. मिठाचा कर कमी करा असं म्हणणं सोपं असतं. सैन्याच्या खर्चावर बोट ठेवणं, तेही व्हाइसरॉयसमोर, सोपं नव्हतं.

मागण्या मोजक्या. मिठाचा कर मणामागे निदान आठ आण्यांनी उतरवा. प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये करा, म्हणजे कारकून आणि छोटे दुकानदार सुटतील. गिरणीच्या कापडावरचं उत्पादनशुल्क काढा.

चर्चा संपते. मत नाही, ठराव नाही. बाहेर येताना तुम्हाला वाटेल, एवढा खटाटोप कशासाठी? म्हणून भाषणामागचं काम बघा. गोखल्यांचे गुरू रानडे आदल्या वर्षी वारले, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून सरकारी अहवाल तपासायची त्यांची शिस्त शिष्यात उरली. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतले हेडमास्तर गोखल्यांसाठी आकडे चाळायचे, तपासायचे, पत्रांतून कळवायचे. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचं नाव पुढे आलं नाही. करकपातीच्या या चळवळीत सभा आणि मिरवणुकांपेक्षा रात्री दिव्याखाली वाचलेल्या सरकारी अहवालांच्या जाडजूड निळ्या पुस्तकांचं श्रेय मोठं आहे.

आता एक वर्ष पुढे चला. 1903 च्या अर्थसंकल्पात मिठाचा कर आठ आण्यांनी उतरतो आणि प्राप्तिकराची मर्यादा हजारावर जाते. गोखले थांबत नाहीत, दर मार्चमध्ये पुन्हा उभे राहतात. 1905 मध्ये मिठाचा कर दीड रुपयावर येतो, 1907 मध्ये एक रुपयावर. पाच वर्षांपूर्वी शेराला एक आणा होता, आता अर्ध्या आण्याच्याही खाली. सैन्याचा खर्च मात्र ते वाकवू शकले नाहीत आणि कापडावरचं शुल्क जायला त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षं लागली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सरकारनं हात आखडून बसावं असं गोखले कधीच म्हणाले नाहीत. वाचलेला पैसा शाळा आणि आरोग्यासाठी लागावा हा त्यांचा आग्रह होता, आणि 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनीच आणलं. ते विधेयक नामंजूर झालं. कर कमी हवा आणि खर्च योग्य जागी हवा, या दोन मागण्या त्यांच्या लेखी एकच होत्या. आज करकपातीच्या घोषणा देणाऱ्यांपैकी बरेच जण पहिली तेवढी उचलतात, हे मला खटकतं.

आणखी पुढे, 1923 मध्ये या. गोखले जाऊन आठ वर्षं झालीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात मिठाचा कर सव्वा रुपयावर गेलेला आहे. विधिमंडळ नकार देतं, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग आपल्या खास अधिकारात तो दुप्पट करतात: मणाला पुन्हा अडीच रुपये. वीस वर्षांपूर्वीचा दर जसाच्या तसा. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर येतो.

आता आपल्या काळात परत या. तुमच्याकडे कलकत्त्याच्या त्या सभासदाकडे नव्हता तो अधिकार आहे: मत. ग्रामपंचायतीचा असो की महापालिकेचा, अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो. तो मागून घ्या, वाचा, आणि शिल्लक दिसली तर ती कुणाकडून, कशासाठी घेतली होती ते सभेत उभं राहून विचारा.