कुंपण भांडण थांबवतं, गुदमरणं नाही: फुटबॉलच्या गर्दीचा इतिहास

पौष महिना जवळ आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मांढरदेवीला जाऊ ना? बीपीची गोळी चालू आहे." गेल्या वर्षी हाच प्रश्न वेल्ह्याकडच्या एका आजींनी विचारला, तेव्हा सोबत त्यांचा नातू होता. तो नोकरीला कोल्हापूरला असतो आणि तिथे जाऊन पक्का फुटबॉलवेडा झालाय. तो म्हणाला, "आज्जे, जत्रेपेक्षा आमची मॅच बरी. दोन्हीकडची पोरं वेगवेगळी बसवली की काय होत नाही."

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

कोल्हापूरच्या पेठा आणि कोलकात्याचा तो दिवस

महाराष्ट्रात फुटबॉलचं खरं वेड कोल्हापुरात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. हे संघ पेठांचे आणि तालमींचे, त्यामुळे शाहू स्टेडियमवरचा सामना हा पेठेच्या अब्रूचा प्रश्न होतो. जिथे इतकी ईर्ष्या असते तिथे हुल्लडबाजी, दगडफेक आणि मग पोलीस बंदोबस्त हेही आलंच.

ही ईर्ष्या किती महागात पडू शकते ते 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दिसलं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. दोन्ही संघांचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळून बसलेले. मैदानात खेळाडूंची जुंपली आणि तिचे पडसाद गॅलरीत उमटले. हाणामारी, दगडफेक, मग पळापळ. 16 जण गेले. त्यांच्या आठवणीत कोलकात्यात या दिवशी रक्तदान शिबिरं भरतात.

अशा घटनांवरचा उपाय सरळ वाटतो: दोन्ही बाजू वेगळ्या करा. वेगळी गॅलरी, वेगळं प्रवेशद्वार, मध्ये कुंपण. भांडणावर हा उपाय चालतोही. पण इंग्लंडने हाच उपाय सगळ्यात जोरात केला आणि त्याची किंमतही मोजली. ती गोष्ट आपण समजून घेऊ.

कुंपणं उभी राहिली

1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या मैदानांवर मारामाऱ्या वाढल्या. तेव्हा बहुतेक प्रेक्षक उभ्याने सामना पाहत. मग दोन गटांमध्ये जाळ्या लागल्या, लोक मैदानात उतरू नयेत म्हणून समोरही उंच कुंपण आलं. उभ्याच्या जागेचे कोंडवाड्यासारखे कप्पे झाले.

29 मे 1985 ला ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांची अंतिम लढत होती. दोन गटांमधली जाळी तकलादू होती. लिव्हरपूलचे काही समर्थक ती ओलांडून धावून गेले, समोरचे लोक मागे रेटले गेले, भिंत कोसळली आणि 39 जणांचा जीव गेला. इंग्लिश संघांवर युरोपात खेळायला बंदी आली. प्रेक्षक म्हणजे गुंड, ही समजूत आणखी घट्ट झाली.

त्याच महिन्यात, 11 मे रोजी, ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून 56 जण दगावले होते. तिथे मागची दारं बंद होती. पण स्टँडच्या पुढे उंच कुंपण नव्हतं, म्हणून शेकडो लोक मैदानात उतरून वाचले. हा धडा तेव्हा फारसा कुणी मनावर घेतला नाही.

हिल्सबरो, 15 एप्रिल 1989

शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. दोन्ही समर्थकांचे रस्ते एकमेकांना छेदू नयेत म्हणून लिव्हरपूलच्या लोकांना मैदानाची लहान बाजू दिली गेली. उभ्याच्या तिकिटांचे 10,100 प्रेक्षक आत यायला फिरती फाटकं होती फक्त 7.

बाहेर गर्दी तुंबली. चेंगराचेंगरी होईल म्हणून पोलिसांनी एक मोठं दार उघडलं. लोक समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन कप्प्यांत शिरले. ते आधीच खचाखच भरले होते. बाजूचे कप्पे मोकळे होते, पण तिकडे वळवायला कुणी नव्हतं. पुढे कुंपण, बाजूला कुंपण, मागून रेटा.

1981 मध्ये याच बाजूला अशीच दाटी होऊन 38 जण जखमी झाले होते. या वेळी मृत्यू 97 झाले. शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू 2021 मध्ये, त्या दिवशी झालेल्या मेंदूच्या इजेमुळे. सर्वांत लहान मुलगा 10 वर्षांचा होता.

तिथे दोन गटांची मारामारी झालीच नव्हती. तरीही दोष प्रेक्षकांच्या दारूला आणि दंगेखोरपणाला दिला गेला. मृतांच्या, अगदी लहान मुलांच्याही, रक्तात दारू आहे का हे तपासलं गेलं. एक डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते. घरच्यांनी 27 वर्षं लढा दिला, तेव्हा 2016 मध्ये ज्यूरीने निकाल दिला की प्रेक्षकांची चूक नव्हती. त्याआधी 2012 च्या स्वतंत्र समितीने वैद्यकीय नोंदी पाहून सांगितलं होतं की वेळेवर उपचार मिळते तर 41 जण कदाचित वाचले असते.

गर्दीत माणूस नेमका मरतो कशाने?

आपल्या 'चेंगराचेंगरी' या शब्दाने डोळ्यांसमोर पायाखाली तुडवलेली माणसं येतात. प्रत्यक्षात अनेक जण उभ्या उभ्याच जातात.

श्वास घ्यायला छाती फुगावी लागते आणि फुप्फुसांखालचा पडदा खाली सरकावा लागतो. चारही बाजूंनी दाब आला की छाती फुगतच नाही. नाक उघडं, तोंड उघडं, हवा भरपूर, तरी श्वास नाही. थोड्याच वेळात शुद्ध हरपते. मेंदूला चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा सुरू होते. माणूस ओरडूही शकत नाही, कारण ओरडायलाही श्वास लागतो. म्हणून लांबून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

एक चौरस मीटर म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब-रुंद जागा. तेवढ्यात पाचाहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि आपले पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. मागच्याला पुढचं दिसत नाही. त्यामुळे "लोकांनी ढकलाढकली केली" हे अर्धसत्य असतं.

हाड मोडलं की आम्ही प्लास्टर घालतो. पण ते जास्त घट्ट बसलं आणि आत सूज वाढली तर रक्तपुरवठा थांबून हात गमवावा लागतो. कुंपणाचंही तसंच. गरज असते, पण आतला दाब कुणीतरी सतत पाहायला हवा आणि वेळ आली की ते क्षणात उघडता यायला हवं.

एकच बाजू असली तरी

1 ऑक्टोबर 2022. इंडोनेशियातल्या मलंग शहरात भांडणाच्या भीतीने पाहुण्या संघाच्या समर्थकांना येऊच दिलं नव्हतं. म्हणजे वेगळं ठेवणं शंभर टक्के. यजमान संघ हरला, काही लोक मैदानात उतरले, पोलिसांनी गॅलरीवर अश्रुधूर सोडला. लोक अरुंद दारांकडे धावले. 135 मृत्यू. 4 जून 2025 ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर 11 जण गेले, तेही एकाच संघाचा विजय साजरा करायला आलेले.

आणि आपल्या भोरपासून जवळच, मांढरदेवीला, 25 जानेवारी 2005 रोजी जवळपास 300 भाविक गेले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या पायऱ्या, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वाटेवर. तिथे दोन संघ नव्हते. सगळे एकाच काळूबाईचे भक्त होते.

गर्दीत जाताना एवढं लक्षात ठेवा

- आत शिरतानाच बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवा.
- चारही बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं की थांबू नका, तेव्हाच बाजूला निघा. पुढे दर्शन असो की गोल.
- दोन्ही हात बॉक्सरसारखे छातीपुढे धरा. तेवढ्या जागेवर श्वास टिकतो.
- लोंढ्याविरुद्ध जोर लावू नका. रेटा ओसरला की तिरकं सरकत कडेला या, पण भिंत किंवा कुंपणाला चिकटू नका.
- चप्पल, मोबाईल पडला तर वाकू नका. स्वतः पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर गोळा व्हा, डोकं हातांनी झाका.
- कुणी बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर 108 ला फोन करा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या. शिकलेले असाल तर 30 दाबांमागे 2 श्वासही द्या. गुदमरलेल्या माणसाला ते विशेष लागतात.
- दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर मुख्य दिवस टाळून जा.

आजींना मी हेच सांगितलं: पौर्णिमेला नको, पुढे एखाद्या साध्या वारी सकाळी जा, देवी तीच आहे. नातवाला म्हटलं, मॅच जरूर बघ. पण पोरं वेगळी बसवली आहेत का एवढंच बघू नकोस. दार किती रुंद आहे आणि ते उघडं आहे का, तेही बघ.