उष्णजल अपस्मार

उष्णजल अपस्मार : डोक्यावरून कढत पाण्याची आंघोळ करताना येणारे फेफरे. ठरावीक गोष्टीने चाळवल्यावरच झटका येणाऱ्या ‘प्रतिक्षिप्त अपस्मारा’चा हा एक प्रकार. जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत त्याला दोन-चार ओळी मिळतात, म्हैसूर आणि भोवतालच्या दक्षिण कर्नाटकात मात्र तो ओळखीचा आहे. मज्जाविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात तिथले डॉक्टर फिटची हकीकत ऐकताना एक प्रश्न हमखास विचारतात : आंघोळीच्या वेळी आली का? विकार मुख्यतः लहान मुलांचा आणि तरुणांचा. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळते.

विकार समजून घ्यायचा तर आधी न्हाणीघरात डोकवावे लागते. म्हैसूरकडच्या जुन्या घरांत त्याला ‘बच्चलुमने’ म्हणतात. चुलीवर कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा आणि त्याखाली धुमसणारा जाळ. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हा हंडा घासून लख्ख करतात, काठोकाठ भरतात आणि त्याची पूजा करतात. या दिवसाचे नावच ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण. दुसऱ्या दिवशी पहाटे तेल चोळून न्हाणे. आपल्या अभ्यंगस्नानाची ही सख्खी बहीण. एरवी रोजची आंघोळ अंगावरून, आणि आठवड्या-पंधरवड्याने एकदा डोक्यावरून. झटका येतो तो या न्हाण्याच्या दिवशीच. त्याच हंड्यातले तेच पाणी खांद्याखाली घेतले तर बहुतेकांना काही होत नाही.

पाणी साधारण 40 ते 50 अंश सेल्सिअस. मूल पाटावर बसलेले, मोठे माणूस तांब्यामागून तांब्या भराभर डोक्यावर रिचवते आहे. मध्येच मूल एकटक पाहू लागते. हाक मारली तर ओ देत नाही, काहीतरी असंबद्ध बोलते, विनाकारण घाबरते. कुणाला नसलेले दिसते, कुणाला नसलेले ऐकू येते. सुरुवातीला घरच्यांना वाटते, डोळ्यांत शिकेकाई गेली असेल. बऱ्याच मुलांत प्रकार एवढ्यावरच थांबतो आणि म्हणूनच महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. काहींत पुढे सर्वांगाला आचके येतात, शुद्ध हरपते. मग धावपळ, कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, हे सगळे ओघाने आलेच. झटका काही मिनिटांत आपोआप ओसरतो आणि श्रेय कांद्याला मिळते.

या विकाराची पहिली नोंद भारतातली नाही. 1945 साली न्यूझीलंडच्या ॲलन यांनी दहा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे तुरळक नोंदी होत राहिल्या. त्याला आकार आला तो बेंगळुरूचे मज्जाविकारतज्ज्ञ के. एस. मणी यांच्यामुळे. 1968 साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्राथमिक अहवाल दिला आणि 1974 साली 108 रुग्णांची लक्षणे व ईईजी (मेंदूच्या विद्युत्‌क्रियेचे आलेख) मांडले. 1988 मध्ये बेंगळुरूच्याच ‘निम्हान्स’ या मज्जाविकार व मनोविकार संस्थेचे पी. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या 279 रुग्णांचा अभ्यास ‘एपिलेप्सिया’ या नियतकालिकात छापला. तोवर इतर देशांतून एकेकट्या रुग्णांचे वृत्तान्त येत होते, इथे शेकड्यांनी माणसे होती. मणी यांनी पुढे यळंदूर तालुक्यात गावोगाव फिरून अपस्माराची पाहणीही उभी केली. हा तालुका तेव्हा म्हैसूर जिल्ह्यात होता. 1997 पासून तो चामराजनगर जिल्ह्यात आहे.

मेंदूत नेमके काय घडते? दोन झटक्यांच्या मधल्या काळात मुलाचा ईईजी काढला तर तो बहुधा सरळ, निर्दोष येतो. थोड्याच रुग्णांत कानशिलामागच्या शंखखंडावर विजेच्या टोकदार लाटा दिसतात. पालकांचा गोंधळ होतो तो इथे. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, मग फिट कसली?’ पण ईईजी म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची नोंद. तिने रविवारच्या न्हाण्याची साक्ष द्यावी अशी अपेक्षा करणे म्हणजे सोमवारी बाजार बघून आठवडी बाजार भरतच नाही असे ठरवण्यासारखे आहे. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी घेतलेल्या मोजक्या नोंदींत शंखखंडातून उठणारी लयबद्ध विद्युत्‌क्रिया पकडली गेली आहे. झटक्याच्या सुमारास मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्पेक्ट चाचणीत शंखखंडाच्या आतल्या बाजूला आणि हायपोथॅलॅमसमध्ये वाढलेली हालचाल दिसते.

हायपोथॅलॅमसचे नाव यावे हे सूचक आहे, कारण शरीराचे तापमान सांभाळणारी गादी तीच. निरोगी माणसाच्या डोक्यावर गरम पाणी पडले की घाम, त्वचेतला रक्तप्रवाह अशा वाटांनी उष्णता लगेच बाहेर टाकली जाते. या रुग्णांत ती यंत्रणा संथ असावी, आंघोळीत तापमान झपाट्याने चढत असावे आणि उतरायला वेळ लागत असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतले तेव्हा झटके आधीपेक्षा लवकर आणि लांबलचक येऊ लागले. ओले सरपण चुलीपाशी ठेवून ठेवून वाळते आणि मग एका ठिणगीने पेटते, तशी ही गत. रुग्णांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जणांना काही वर्षांनी आंघोळीविनाही झटके येऊ लागतात, त्याचा अर्थ यावरून लागतो.

गरम पाणी तर सगळेच घेतात, मग ठरावीक मुलांनाच हे का? काही घरांत दोन-तीन जणांना हा त्रास असतो. अशा कर्नाटकी कुटुंबांच्या अभ्यासातून आधी गुणसूत्र 10 आणि 4 वरच्या जागा निश्चित झाल्या आणि 2017 मध्ये ‘एसएलसी1ए1’ या जनुकातले दुर्मिळ बदल नोंदवले गेले. हे जनुक चेतापेशींबाहेर साचलेले ग्लुटामेट उचलून नेणारे प्रथिन घडवते. ग्लुटामेट हा मेंदूला चेतवणारा मुख्य रेणू. तुर्कस्तानातही या विकाराचे रुग्ण बरेच आहेत. तिथल्या 21 रुग्णांचा अभ्यास 2001 मध्ये आला. ओतून घेण्याची आंघोळ तिथेही रुजलेली आहे, त्यामुळे अनुवंश आणि न्हाणीघर यांचे धागे वेगळे काढणे सोपे नाही.

अर्धशिशीशी या विकाराचे नाते निराळे, पण गोंधळ मोठा. न्हाण्यानंतर डोके धरून बसणारी मुले महाराष्ट्रातही घरोघर सापडतात. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी 2006 साली ‘सेफलाल्जिया’ या नियतकालिकात 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणे मांडली. केस धुणे किंवा डोक्यावरून आंघोळ हे त्यांच्या अर्धशिशीचे एक निमित्त होते. म्हणजे तोच तांब्या एका मेंदूत फेफरे उठवतो आणि दुसऱ्यात डोकेदुखी. फरक वेगाचा आहे. फेफऱ्यात असंख्य चेतापेशी एकदम, क्षणार्धात उसळतात. अर्धशिशीत डोळ्यांपुढे नागमोडी रेघा दिसतात तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला जेमतेम तीन मिलिमीटर वेगाने एक लाट सरकत असते आणि तिच्या मागे पेशी काही काळ गप्प पडतात. ही लाट आरिस्तिदेस लेआउ यांनी 1944 मध्ये सशांच्या मेंदूत नोंदवली.

मुलांच्या बाबतीत ‘अर्धशिशी’ हे नावही जरा फसवे आहे. मोठ्यांचे अर्धे डोके ठणकते, मुलांचे बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी, कपाळभर दुखते. दुखणे दोन-तीन तासांतही संपते, आणि काहींचे तर डोक्याऐवजी पोटच दुखते. महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस डोके दुखते, त्यांतले निदान 8 दिवस अर्धशिशीचे असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालते, तेव्हा तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. नुसत्या डोकेदुखीसाठी ईईजी काढून बहुधा काही हाती लागत नाही. शुद्ध हरपली का, प्रश्नांना उत्तर दिले का, झटका आंघोळ चालू असताना आला की उरकल्यावर, हे घरच्यांनी सांगितलेले तपशील फेफरे की अर्धशिशी हे ठरवायला यंत्रापेक्षा जास्त कामाचे. हल्ली मोबाइलवर टिपलेली मिनिटभराची चित्रफीतही निदानाला मदत करते.

या रुग्णांची एक गोष्ट ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते. दहातल्या साधारण एकाला झटक्याआधीच्या अवस्थेची ओढ लागते. पाणी पुरे म्हटले तरी तो ओतून घेतच राहतो, मुद्दाम जास्त कढत मागतो. घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो. प्रत्यक्षात तो आजाराचाच भाग असतो.

उपचाराची सुरुवात फुकटात होते : पाणी कोमट करायचे, डोक्यावर सावकाश घ्यायचे. पुष्कळ मुलांचे तेवढ्यावर भागते. ज्यांचे भागत नाही त्यांना न्हाण्याच्या दिवशी दीड-दोन तास आधी क्लोबाझामची छोटी मात्रा डॉक्टर देतात. आंघोळीविनाही झटके येत असतील तर कार्बामाझेपिनसारखे रोजचे औषध. एकूण परिणाम चांगला असतो. धोका झटक्यापेक्षा जागेचा जास्त : ओली फरशी, शेजारी उकळता हंडा, आतून लावलेली कडी. म्हणून मूल न्हाताना कडी लावू नये, कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावे. आचके आलेच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, आणि पाच मिनिटांत ते थांबले नाहीत तर दवाखाना गाठावा. गीझर आल्याने चूल गेली, पण बादली आणि मग राहिले. गीझरचा काटा 60 वर ठेवलेल्या घरात मुलाची बादली विसणायचे काम मोठ्या माणसाकडेच ठेवावे लागते.