जुनी कार घेताना आधी आरसी बुक बघा

छत्रपती संभाजीनगरमध्ये एमएच-20 पासिंगची जुनी फॅमिली कार बघताना रंग आणि किलोमीटरच्या आधी आरसी बुक तपासा.

वय : खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते. 2014 ची गाडी स्वस्त मिळाली, तरी 2029 मध्ये नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कराचा खर्च येतो.

कर्ज : आरसीवर बँकेचे नाव असेल, तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी घ्या.

सीएनजी : किटची आरसीवर नोंद हवी. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी होते.

नाव : फॉर्म 29 व 30 भरून गाडी आणि 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीतील मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून हा मुद्दा विकणाऱ्याच्याही हिताचा आहे.